जगात जर्मनी, भारतात परभणी आणि आमचा दादा दोह्यात

दादा कतारला नेमकं काय करतो हे आमच्या घरात अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. काका विचारणाऱ्याला "कंपनीत आहे" म्हणतात आणि मोकळे होतात, कारण गल्फ म्हणलं की कंपनी, हे परभणीत सगळ्यांना कळतं, पुढचा प्रश्न येत नाही. काकू मात्र खरं सांगते, "लेकरांला बॉल शिकवतो" (म्हणजे लहान पोरांचा फुटबॉल कोच आहे), मग समोरची बाई जरा वेळ गप्प बसते आणि विचारते, "अन् त्याचे पैसे देतेत?" देतात, बरे देतात. तिसरा प्रश्न शिकलेल्या लोकांचा असतो, बँकेतले, कॉलेजातले वगैरे: "मग त्याच्या टीमनं कोणता कप जिंकला?" तर एकही नाही. आणि त्याच्या कामात कप न जिंकणं वाईट समजत नाहीत, उलट दहा वर्षांच्या पोरांच्या टीमनं सारखे कप जिंकले तर कोचवर जरा संशयच घेतात, हे समजावून सांगेपर्यंत चहा गार होतो. म्हणून म्हणलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, मोठ्या काकांचा मुलगा. शाळेत तो गोलकीपर होता, कारण तो उंच होता, आणि उंच पोराला गोलमधे उभं करायचं एवढंच आमच्या पीटीच्या सरांचं फुटबॉलचं शास्त्र होतं. (सरांचा दोष नाही, त्यांचा खरा जीव खो-खोत, आणि खो-खोत त्यांनी लई पोरं घडवली.) मैदान म्हणजे काळी माती. ज्यांनी काळी माती पाहिली नाही त्यांना सांगतो, पावसाळ्यात पायाला असा चिखल चिकटतो की बूट कुठं संपला अन् शेत कुठं सुरू झालं कळत नाही, आणि एप्रिल-मे मधे अशा भेगा पडतात की पाय अडकून घोटा मुरगळतो, म्हणजे खेळायचे खरे महिने दिवाळी ते होळी, बस. त्यात कडेला बाभळी. बॉल बाभळीकडं गेला की सगळे जागच्या जागी थांबायचे, काटा लागला तर त्या दिवसाचा खेळ खलास, मग बॉल घेऊन सायकलच्या पंक्चरवाल्याकडं, तो आधी "हे माझं काम नाही" म्हणायचा, मग करून द्यायचा आणि पैसे पण घ्यायचा नाही.

पुढं दादानं बी.पी.एड. केलं आणि एका विनाअनुदानित शाळेत लागला. लागला म्हणजे काय, सही करायचा. अनुदान येणार, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी येणार, तोवर पीटीचा तास गणिताचे सर घेणार कारण दहावीचा पोर्शन राहिलाय. मराठवाड्यात ज्यांच्या घरात असा एक तरी माणूस आहे त्यांना यापुढं काही सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनी शेजारी विचारावं.

फुटबॉलच्या कोचला लायसन्स लागतं हे आम्हाला त्याच्यामुळं कळालं. आशियात एएफसीची, म्हणजे आशियाच्या फुटबॉल संघटनेची, उतरंड आहे, खालून वर डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी चा कोर्स साधारण आठवडाभराचा, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही करता येतो, महाराष्ट्रात तो राज्याची संघटना म्हणजे विफा घेते, पण बहुतेक वेळा मुंबई-पुण्याकडं. म्हणजे देवगिरी एक्सप्रेस पकडायची, कुणाच्या तरी खोलीवर पथारी टाकायची आणि सकाळी सहाला मैदानावर हजर. पुढच्या प्रत्येक पायरीला जास्त दिवस, जास्त पैसे, आणि मधल्या काळात खरंखुरं कोचिंग केल्याचा पुरावा लागतो. सी झाल्यावर त्याला मुंबईत एका अकॅडमीत काम मिळालं आणि तिथून दोह्याला, म्हणजे कतारच्या राजधानीत. दोहाच का, तर कतार, यूएई, सौदी हे सगळे एएफसीतच येतात, त्यामुळं आपलं इथलं लायसन्स तिथं चालतं. युरोपात यूएफाचं लायसन्स मागतात, तो वेगळाच खर्च. आपल्याकडं "फॉरेनला कोच" म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर बार्सिलोना येतं, खरं दार मात्र गल्फचं आहे आणि त्या दारात आपल्या आधी केरळवाले जाऊन उभे आहेत.

त्याचं काम बघायचं तर व्हिडिओ कॉलवर बघावं लागतं. संध्याकाळी कुठल्यातरी शाळेचं मैदान भाड्यानं घेतलेलं, लाइटा लागलेल्या, दहाच्या आतली पोरं, त्यात मल्याळी, इजिप्तची, पाकिस्तानी, फिलिपिनो, एखादं मराठी पण, आणि दादा मधे नाही, कडेला उभा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं प्रॅक्टिस अजून सुरूच झाली नाही. शिट्टी नाही, रांग नाही, मैदानाला चार चकरा नाहीत. पोरगं आलं की बॅग टाकतं, बॉल उचलतं आणि जे आलेत त्यांच्यात घुसतं, तीन झाले तर दोन विरुद्ध एक, सहा झाले तर तीन विरुद्ध तीन, लगेच खेळ चालू. रांगेत उभं राहणं त्याच्याकडं बंदच आहे. तो म्हणतो पंधरा पोरं रांगेत आणि एक बॉल म्हणजे चौदा पोरं उभं राहायची प्रॅक्टिस करायलेत.

मग अर्ध्या तासानं एखादा खेळ थांबवतो आणि सांगत काहीच नाही, विचारतो. बॉल हरवलेल्या पोराजवळ गुडघ्यावर बसतो (हे पण ठरलेलं आहे, पोराच्या डोळ्याच्या पातळीवर यायचं) आणि म्हणतो, बॉल तुझ्याकडं येत होता तेव्हा तू कुठं बघत होतास? पोरगं म्हणतं बॉलकडं. मग अजून कुठं बघता आलं असतं? पोरगं मागं वळून बघतं. झालं, तेवढंच. पुन्हा खेळ चालू. बॉल येण्याआधी मान वळवून मागं बघायची सवय लागणं, याला दोन वर्षं जातात म्हणे, आणि ती आठ ते बाराच्या वयात लागली तर लागली, नंतर वीस वर्षाच्या पोराला कितीही ओरडा, मान वळत नाही.

या अशा छोट्या खेळामागं हिशोब आहे. बेल्जियमची गोष्ट त्यानं मला इतक्यांदा सांगितलीय की माझी पाठ झाली. २००० च्या युरो कपात बेल्जियम यजमान होतं आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलं. मग त्यांच्या फेडरेशनच्या मिशेल साब्लों यांनी लहान पोरांच्या ढिगानं मॅचचं शूटिंग करून विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला, तर दिसलं काय की मोठ्या मैदानावर छोट्या पोरांपैकी कित्येकांच्या पायाला अर्ध्या तासात बॉल हातावर मोजण्याइतक्या वेळाच लागतो. बाकी वेळ पोरगं नुसतं पळतं. मग त्यांनी सगळं उलटं केलं, अगदी लहानांना दोन विरुद्ध दोन, मग पाच विरुद्ध पाच, मग आठ विरुद्ध आठ, आणि अकरा विरुद्ध अकरा एकदम शेवटी, लहान वयात पॉइंट टेबलच नाही. २०१८ च्या वर्ल्ड कपला बेल्जियम तिसरं आलं. मधे अठरा वर्षं गेली, हे लोक सांगायचं विसरतात.

दादाच्या खोलीत फोटो कुणाचा असेल तर मेस्सीचा नाही, फेलिक्स सांचेझचा. नाव ऐकलं नसेल तरी चालेल, इथं फार कुणी ऐकलेलं नाही. हा माणूस बार्सिलोनाच्या लहान पोरांच्या टीम बघायचा आणि २००६ मधे दोह्याला अस्पायर अकॅडमीत आला, जी कतार सरकारनं २००४ मधे सुरू केली होती. (दादाचा अस्पायरशी काही संबंध नाही, तो एका छोट्या प्रायव्हेट अकॅडमीत आहे, गैरसमज नको, काका लोकांना काहीही सांगतात.) सांचेझ पोरांसोबत राहिला. कतारची अंडर १९ टीम त्यानं घेतली आणि २०१४ मधे आशियाचा अंडर १९ कप जिंकला, त्या टीममधे अक्रम अफीफ होता, अल्मोएझ अली होता. २०१७ मधे तो सीनियर टीमचा कोच झाला आणि २०१९ मधे तीच पोरं घेऊन एशियन कप मारला, फायनलमधे जपानला ३-१ हरवून, अल्मोएझ अलीचे एका स्पर्धेत ९ गोल, आणि सगळ्या स्पर्धेत कतारनं खाल्ला फक्त एक. आला २००६ ला, कप २०१९ ला. आपल्याकडं तेवढ्या काळात पालकमंत्री किती बदलतात ते मोजा.

आता याचीच दुसरी बाजू. २०२२ च्या घरच्या वर्ल्ड कपात हाच कोच, जवळपास हीच पोरं, आणि तिन्ही मॅच हरले. पहिली हार एक्वाडोरकडून. सांचेझनं कतार सोडलं आणि दुसऱ्याच वर्षी कुणाचा कोच झाला तर एक्वाडोरचा! तिथंही जास्त टिकला नाही. पण कतारच्या टीमनं २०२४ मधे दुसऱ्या कोचच्या हाताखाली परत एशियन कप जिंकला आणि फायनलमधले तिन्ही गोल अफीफचे, तिन्ही पेनल्टीवर. म्हणजे पोरं तयार करणारा गेला तरी पोरं राहिली. दादा म्हणतो आमच्या धंद्यात यालाच पगारवाढ समजायची.

आता जर्मनी. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आमच्याकडं का आहे ते कुणालाच धड माहीत नाही, पण आम्ही ती अभिमानानं वापरतो, त्यामुळं डेटमार क्रामर यांचं नाव मी लगेच लक्षात ठेवलं. हा जर्मन माणूस १९६० मधे जपानला गेला, टोकियो ऑलिम्पिकच्या तयारीसाठी. तेव्हा जपानचं फुटबॉल काय होतं तर १९६२ च्या जकार्ता एशियाडमधे आपण जपानला २-० हरवलं होतं. हो, आपण! आणि पुढं फायनलमधे कोरियाला २-१ हरवून गोल्ड घेतलं होतं. क्रामर मात्र जपान्यांना साध्या पासपासून शिकवत बसले, आणि जाताना सांगून गेले की देशाची लीग सुरू करा, कोच तयार करा. १९६५ मधे जपानची लीग सुरू झाली, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकला त्यांनी ब्राँझ आणलं. १९६९ मधे क्रामर यांनी जपानातच फिफाचा कोचिंग कोर्स घेतला, आपले पी. के. बॅनर्जी तो करून आले. म्हणजे सात वर्षांपूर्वी ज्यांना हरवलं त्यांच्याच देशात आपला माणूस शिकायला.

आणि १९६२ चं ते गोल्ड कुणी आणलं? सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशानं शाळामास्तर. मराठवाड्यातल्या माणसाला हे नाव परकं वाटायला नको खरं तर. १९५१ मधे रहीमसाहेबांच्या टीमनं पहिल्या एशियाडमधे गोल्ड घेतलं तेव्हा परभणी, नांदेड, बीड, सगळं हैदराबाद राज्यातच होतं, आपण त्यातून निघालो १९५६ मधे, आणि त्याच वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकला रहीमसाहेबांची टीम चौथी आली. ते पोरांच्या अशा स्पर्धा घ्यायचे की ज्यात फक्त कमजोर पायानं खेळायचं. १९५० च्या आसपास, हैदराबादेत! आज दादाच्या अकॅडमीत हीच गोष्ट टॅबवर प्लॅन बनवून करतात. दादाला हे मी सांगितलं, त्याला माहीतच नव्हतं, मग एक दिवस रात्री दीड वाजता त्याचा व्हॉइस मेसेज, नुसता "अरे आपल्या शेजारचा माणूस होता की हा", एवढंच.

परदेशात जाऊन पोरं घडवणारा तिसरा माणूस मला स्वतःला जास्त आवडतो, फ्रान्सचा ज्याँ-मार्क गियू. हा फ्रान्सकडून १९७८ चा वर्ल्ड कप खेळलेला. नव्वदच्या दशकात आयव्हरी कोस्टला गेला आणि आबिदजानच्या एएसईसी मिमोसा क्लबसोबत अकॅडमी काढली. पोरं अनवाणी. बुटाला पैसे नव्हते म्हणून नाही, मुद्दाम, बॉल पायाला कळावा म्हणून. पायावर बॉल उडवण्याच्या वगैरे परीक्षा पास झाल्या की मग बूट. त्या अकॅडमीतून कोलो टूरे, याया टूरे, गेरविन्हो, सालोमन कालू, झोकोरा निघाले. १९९९ मधे क्लबचे मोठे खेळाडू निघून गेले म्हणून आफ्रिकेच्या सुपर कपला ही सतरा-अठराची पोरं उतरवली तर त्यांनी ट्युनिशियाच्या एस्पेरान्सला ३-१ नं आडवं केलं. हे मी आमच्या पंक्चरवाल्याच्या आठवणीसोबत वाचलं तेव्हा वाटलं की बूट नव्हते ही आमची अडचण नव्हतीच कधी, अडचण तिसरीच होती.

ती अडचण म्हणजे पैसा, पण बुटाचा नाही, वाट बघायचा. गियूनं पुढं पोरं बेल्जियमच्या बेव्हेरन क्लबला नेली, एक वेळ अशी की मैदानावर जवळपास सगळी टीम आयव्हरी कोस्टची, आणि त्यावर टीकाही भरपूर झाली की ही शाळा आहे का पोरांची निर्यात. टीका चुकीची नाही, पोरांच्या नावावर धंदा करणारे एजंट सगळीकडं आहेत, म्हणून तर फिफानं काही अपवाद सोडून अठराच्या आतल्या खेळाडूची परदेशी बदली बंद केलीय. पण पैसा परत यायचा एक सरळ मार्ग पण फिफानं ठेवलाय. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात मोठ्या पैशावर विकला गेला की त्या रकमेतले ५ टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात ज्या ज्या क्लबांनी शिकवलं त्यांच्यात वाटायचे, वर्षाच्या हिशोबानं, सोळाच्या आतल्या वर्षांना कमी, पुढच्या वर्षांना जास्त. क्लबला मिळतात बरं का, कोचला नाही. दादाला त्यातले शून्य टक्के. आणि बाराच्या आतलं शिकवणाऱ्या क्लबाला पण शून्य, म्हणजे जिथं सगळ्यात जास्त मेहनत तिथं हिशोबच सुरू होत नाही.

मोठे काका शेतकरी माणूस, त्यांना हे सगळं एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, "म्हंजे मोसंबीच की. लावल्यावर पाच वर्षं निस्तं पाणी घाला." मी म्हणलं हो बरोबर. तर म्हणाले, "मंग आपली मोसंबी का काढली ते विसरलास का?" दुष्काळात काढली. चौथ्या वर्षी, फळ धरायच्या तोंडावर, टँकरचं पाणी परवडेना म्हणून जेसीबी लावून काढली आणि सोयाबीन पेरलं. मला यापुढं काही बोलता आलं नाही. कतारला गॅसचा पैसा आहे, ते तेरा वर्षं पाणी घालू शकतात. त्यामुळं "कतारनं केलं मग आपण का नाही" हे जे लोक फेसबुकवर लिहितात त्यांना मी काकांकडं पाठवायला तयार आहे.

आणि बाहेरचा कोच आणला की झालं असंही नाही. बेल्जियमचे तेच साब्लों २०१५ मधे सिंगापूरला टेक्निकल डायरेक्टर म्हणून गेले, तिथं काही बेल्जियम उगवलं नाही. आपल्याकडं २०१७ चा अंडर १७ वर्ल्ड कप झाला, आधी जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम, मग स्पर्धेला थोडे महिने राहिलेले असताना पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दि मातोस. तिन्ही मॅच हरलो, एकच गोल, कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडर मारून केलेला, तो मी अजूनही अधूनमधून बघतो. दि मातोसना शिव्या देणारे होते, पण बाबांनो, सोळा वर्षाच्या पोराला सहा महिन्यांत मान वळवायला कोण शिकवणार? दोन्ही कोच बिचारे शेवटच्या वर्गाला आलेले मास्तर, पहिलीचं पुस्तक कुणी शिकवलंच नव्हतं.

त्या वर्ल्ड कपच्या निमित्तानं सप्टेंबर २०१७ मधे राज्यभर एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा मोठा कार्यक्रम झाला होता, शाळाशाळांना बॉल वाटले होते, आठवत असेल. झेडपीच्या शाळांत गुरुजींनी धोतर-फेटेवाल्या सरपंचांकडून किक मारून घेतली, फोटो निघाले, मजा आली, खोटं कशाला बोलू. नंतर एका शाळेत कामानिमित्त गेलो होतो तर त्यातला एक बॉल ऑफिसच्या कपाटावर, ग्लोबच्या शेजारी, हवा गेलेला. हेडमास्तर म्हणाले बाहेर दिला की फुटतो, आणि ऑडिटला दाखवावा लागतो. त्यांचंही खरंच आहे.

आपली खरी गोची स्पर्धेच्या पद्धतीत आहे. शालेय स्पर्धा चौदा, सतरा, एकोणीस अशा वयोगटात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि सगळी बाद पद्धत. पहिलीच मॅच हरली की त्या पोराचं वर्ष संपलं, पुढची मॅच पुढच्या पावसाळ्यात. मग कोणता सर दुबळ्या पोराला खेळवेल? मोठं, दांडगं, लवकर मिशी फुटलेलं पोरगं पुढं ठेवायचं, मागून लांब किक मारायची, ते पळणार, गोल. जिंकलं की सर्टिफिकेट, सर्टिफिकेटवर दहावी-बारावीला वाढीव गुण, आणि पुढं नशीब असलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. मी या ५ टक्क्यांना नावं ठेवत नाही, आमच्याकडच्या किती घरांच्या चुली त्यावर पेटल्यात, पोलिस भरतीच्या यादीत बघा. पण बापाला सर्टिफिकेट याच वर्षी पाहिजे, सरांना निकाल याच वर्षी पाहिजे, मग दहा वर्षाच्या पोराला दोन वर्षं मान वळवायला शिकवणार कोण आणि का?

त्यात वयाचं वेगळंच. परदेशात हे युथवाले कोच पोराचा जन्ममहिना बघतात, कारण जानेवारीत जन्मलेलं पोरगं डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षानं मोठं असतं, दिसतं दणकट, निवडलं जातं तेच, आणि बारकं पण हुशार पोरगं सुटतं. दादाला त्यांच्या मीटिंगमधे हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा तो हसायला लागला. त्यांनी विचारलं काय झालं, तर हा काय सांगणार की आमच्या गावात अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो! गुरुजींनी शाळेत नाव घालताना लिहिलेला. खुद्द काकांचा १ जून, आमच्या वडलांचा १ जून, दोघं सख्खे भाऊ. फिफानं २००९ पासून अंडर १७ वर्ल्ड कपला मनगटाचा एमआरआय सुरू केला, हाडावरून वय कळतं म्हणून. आमच्याकडं तालुक्याला एमआरआय लावला तर किती टीम मैदानावर उतरतील देव जाणे.

गेल्या सुट्टीत दादा आला होता. विद्यापीठाकडं फिरायला म्हणून गेलो तर मोकळ्या जागेत गल्लीतली पोरं क्रिकेट खेळत होती, एक बॅट आणि बाकी सगळे फील्डिंगला उभे. त्यानं पिशवीतून तीन नंबरचा छोटा बॉल काढला, चपलांचे गोल केले, चार विरुद्ध चार. हाताला लागेल त्याला घेतलं, दोन पोरी पण होत्या, त्यातली एक हिरवी ओढणी कमरेला गच्च बांधून उतरली आणि तिनं पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचं वाटोळं केलं, डावा पाय, बॉल पायाला चिकटल्यासारखा, आणि बॉल यायच्या आधी ती मागं बघत होती. कुणी शिकवलं नव्हतं. दादानं माझ्या दंडाला नुसतं दाबलं. कडेला एकाचे वडील गाडीवर बसून बघत होते, त्यांनी मला विचारलं, "हे सर शिकवायलेत का निस्ते बघायलेत?" मी म्हणलं बघायलेत. "मंग दोह्याला बी हेच करतेत का?" हो. ते म्हणाले भारी नोकरीय राव.

दादानं त्या पोरीचं नाव, शाळा सगळं विचारून घेतलं आणि आपल्या वहीत लिहिलं. ही वही त्याची जुनी सवय आहे. दोह्यात पोरं टिकत नाहीत, बापाची नोकरी गेली किंवा बदलली की सगळं कुटुंब एका महिन्यात परत, कोची, कैरो, मनिला, कुठंही. तीन वर्षं घडवलेलं पोरगं एका रविवारी येत नाही, विषय संपला. मग हा वहीतली नावं अधूनमधून नेटवर शोधत बसतो, कुठल्या टीमच्या यादीत दिसतंय का. एक दिसलं म्हणे, केरळात एका ज्युनियर टीमच्या यादीत. दुसरं एक इंजिनिअरिंगला गेलेलं दिसलं, त्याचाही त्याला तितकाच आनंद, का ते मला कळालं नाही.

त्या पोरीच्या घरी मी दोनदा जाऊन आलोय. वडील हमालीवर जातात मोंढ्यात, ते तयार आहेत, आजी नाही म्हणते. बॉल तिच्याकडंच ठेवलाय.

दादाचं म्हणाल तर या सीझनपासून त्याला अंडर १० काढून अंडर ६ दिलंय. काकांना वाटलं डिमोशन झालं, दोन दिवस जेवले नाहीत नीट. उलट आहे, सगळ्यात छोट्या पोरांवर त्यांच्याकडं सगळ्यात भरवशाचा कोच ठेवतात, पैसे पण वाढवलेत. फक्त आता त्याला अरबी शिकावं लागणार, कारण त्या वयाची लेकरं इंग्रजीत रडत नसतात. क्लास लावलाय त्यानं, शुक्रवारी सकाळी.